बास्केटबॉलच्या पडद्यामागचा सिनेमा आणि पेण-रोह्याची कबड्डी : खेळाचा खरा मालक कोण?

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक महाराष्ट्राला माहीत आहे ते विनोबा भावेंचं जन्मगाव म्हणून. जमीन कुणाची, हा प्रश्न घेऊन जो माणूस देशभर पायी फिरला, त्याचं हे गाव. याच तालुक्यात डोलवी आहे, आणि डोलवीला जेएसडब्ल्यूचा भलामोठा पोलाद कारखाना आहे.

आता कबड्डी बघणाऱ्यांनी इथं जरा थांबावं. प्रो कबड्डीतला ‘हरियाणा स्टीलर्स’ हा संघ याच जेएसडब्ल्यू समूहाचा. २९ डिसेंबर २०२४ ला पुण्यात बालेवाडीला फायनल झाली, त्यात या संघानं पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवलं आणि पहिल्यांदा ट्रॉफी उचलली. म्हणजे बघा, भट्टी पेणला, नाव हरियाणाचं, मालकांचं ऑफिस मुंबईत, ट्रॉफी पुण्यात आणि त्या हंगामात संघानं लिलावात सगळ्यात जास्त पैसे मोजले ते इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर, २ कोटी ७ लाख.

यात चुकीचं काहीच नाही. व्यावसायिक खेळ असाच चालतो. पण एक प्रश्न उरतोच. भात कापून शेतं मोकळी झाली की पेण, रोहा, अलिबागच्या गावागावांत जो खेळ रात्रभर चालतो, तो खेळ कुणाचा? खेळणाऱ्यांचा, बघणाऱ्यांचा, संघटनेचा, टीव्हीवाल्यांचा की संघ विकत घेणाऱ्यांचा?

नेमका हाच प्रश्न घेऊन २०१९ मध्ये एक अमेरिकन पिक्चर आला होता. खेळ वेगळा, बास्केटबॉल. नाव ‘हाय फ्लाइंग बर्ड’.

खेळाचा पिक्चर, पण खेळच नाही

स्टीव्हन सोडरबर्ग हा त्याचा दिग्दर्शक. लिहिणारा टॅरेल ॲल्विन मॅक्रेनी, म्हणजे ज्याच्या नाटकावरून ‘मूनलाइट’ बनला तो. अख्खा पिक्चर आयफोनवर शूट केलेला आणि थेट नेटफ्लिक्सवर आलेला. ज्यांना ‘लगान’ किंवा ‘चक दे’सारखा शेवटच्या मिनिटाला जीव मुठीत धरायला लावणारा सामना हवा असेल, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. दीड तासात बास्केटबॉल जवळपास दिसतच नाही. दिसतात ती ऑफिसं, हॉटेलातली टेबलं, फोनवरची बोलणी.

गोष्ट साधी आहे. एनबीएमध्ये ‘लॉकआउट’ सुरू आहे. लॉकआउट म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. गिरणगावानं तो शब्द चांगलाच ओळखला आहे, टाळेबंदी. संप कामगार करतात, टाळेबंदी मालक करतात. कारखान्याच्या दारावर कुलूप, आत काम नाही, बाहेर पगार नाही. एनबीएच्या मालकांनी तेच केलेलं आहे. खेळाडूंबरोबरचा करार संपलाय, नव्या करारात कुणाला किती टक्के यावर एकमत नाही, तोपर्यंत मैदानांना कुलूप.

रे बर्क हा खेळाडूंचा एजंट. आंद्रे हॉलंडनं हे काम केलंय. लीग बंद म्हणजे खेळाडूंना पगार नाही, पगार नाही म्हणजे एजंटला कमिशन नाही. भारी हॉटेलात बसलेल्या रेचं कार्ड चालत नाही, इथून पिक्चर सुरू होतो. त्याचा खेळाडू एरिक स्कॉट, अगदी कोवळा पोरगा, लीगमध्ये निवड झालेला पण अजून एकही सामना न खेळलेला. हातात पैसा येणार या भरवशावर त्यानं महागडं कर्ज उचलून ठेवलंय.

मग रे एक चाल खेळतो. (पिक्चर बघायचा असेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा.) एरिक आणि त्याच्याच संघातला दुसरा खेळाडू सोशल मीडियावर एकमेकांना डिवचत असतात. लहान मुलांच्या एका कार्यक्रमात हे दोघं समोरासमोर येतील अशी तो व्यवस्था करतो. साधं मैदान, ना तिकीट, ना स्पॉन्सर. पोरांच्या मोबाइलमधून तो व्हिडिओ बाहेर पडतो आणि आगीसारखा पसरतो. मग रे हळूच बातमी सोडतो की असे सामने खेळाडू स्वतःच भरवतील आणि थेट इंटरनेट कंपन्यांना विकतील. मालकांना घाम फुटतो. कारण लीगशिवायही खेळ होऊ शकतो, हे एकदा लोकांना कळलं की मालकांच्या हातात उरतं काय? स्टेडियमच्या चाव्या.

पुढं काय होतं ते सांगण्यात मजा नाही. पण रेला लीग मोडायची नसते, एवढं सांगायला हरकत नाही. त्याला फक्त कुलूप उघडायचं असतं. पिक्चरचा कडवटपणा तिथंच आहे.

खरी टाळेबंदी

ही हवेतली गोष्ट नाही. १ जुलै २०११ ला एनबीएच्या मालकांनी खरोखर कुलूप लावलं होतं. ते ८ डिसेंबरला उघडलं, १६१ दिवसांनी. प्रत्येक संघाचे ८२ सामने व्हायचे, ते ६६ वर आले. भांडण कशावरून? आधीच्या करारात बास्केटबॉलच्या उत्पन्नातला ५७ टक्के वाटा खेळाडूंचा होता. टाळं उघडलं तेव्हा तो साधारण ५० टक्क्यांवर आला होता. म्हणजे मालक जिंकले.

पण हरलेल्या खेळाडूंच्या हातात काय होतं ते पाहा. लीगच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा. तोही लेखी करारात आणि हिशेब तपासण्याच्या हक्कासह. हे आपोआप आलं नव्हतं. खेळाडूंची संघटना १९५४ पासून होती, पण मालक तिला जुमानत नव्हते. १९६४ मध्ये बॉस्टनला ऑल स्टार सामना होता, टीव्हीवर थेट दाखवला जाणार होता. खेळाडू ड्रेसिंग रूममधून बाहेरच येईनात. पेन्शनचं आश्वासन द्या, मगच खेळू. कॅमेरे लागलेले, प्रेक्षक बसलेले. शेवटी आश्वासन मिळालं आणि सामना उशिरानं सुरू झाला. ज्या दिवशी आपली गरज सगळ्यात जास्त आहे, त्या दिवशी दार अडवायचं, हे त्यांना कळलं होतं.

हे सगळं डोक्यात ठेवून आता आपल्या मातीकडे येऊ.

पगार म्हणजे नोकरी

कबड्डीत पैसा २०१४ नंतर आला असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. त्याआधीही कबड्डीचं अर्थकारण होतं, फक्त त्याला पगार म्हणत नव्हते, नोकरी म्हणायचे. चांगला चढाईपटू असेल तर रेल्वेत, पोलिसात, एअर इंडियात, भारत पेट्रोलियममध्ये, महिंद्रात चिकटायचा. मुंबईच्या लालबाग-परळच्या मंडळांत कोकणातून गिरणीत आलेल्या चाकरमान्यांची पोरं खेळायची आणि मैदानाच्या कडेला कंपन्यांची माणसं उभी असायची. खेळाचं बक्षीस म्हणजे आयुष्यभराचा पगार आणि निवृत्तीनंतर पेन्शन. आजच्या लिलावाच्या आकड्यांपुढे ते फिकं वाटेल, पण गुडघा गेला तरी नोकरी जात नव्हती.

खेळाची सूत्रंही तेव्हा बरीचशी महाराष्ट्राकडे होती. हुतूतूचे नियम इथं बांधले गेले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी तो जगाला दाखवला. शंकरराव उर्फ बुवा साळवींनी तो आशियात नेण्यासाठी उभं आयुष्य घातलं. १९९० मध्ये बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डीला पदक लागलं, त्यामागे या लोकांची खटपट होती. मग मातीची जागा मॅटनं घेतली, हरियाणा आणि सेनादलांची पोरं पुढं निघून गेली, हा वेगळा आणि मोठा विषय.

२६ जुलै २०१४

आनंद महिंद्रा आणि समालोचक चारू शर्मा यांनी ‘मशाल स्पोर्ट्स’ नावाची कंपनी काढली आणि प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पहिला सामना मुंबईत वरळीच्या एनएससीआयमध्ये, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. शहरातल्या लोकांना वाटलं होतं, कोण बघणार? पहिल्या हंगामात टीव्हीवर ४३.५ कोटी लोकांपर्यंत लीग पोहोचल्याचा आकडा आला. आयपीएलनंतर थेट दुसरा नंबर.

२०१५ मध्ये स्टार इंडियानं मशालमधला ७४ टक्के हिस्सा घेतला. सगळ्या गोष्टीची किल्ली इथं आहे. सामने दाखवणारी कंपनीच लीगची मालकीण झाली. पुढे २०२१ ते २०२५ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचा लिलाव झाला, ते हक्क स्टारनंच ९०८.७ कोटींना घेतले. म्हणजे हक्क विकणारी मशाल, तिच्यात ७४ टक्के स्टार आणि विकत घेणारी स्टार. एका खिशातून दुसऱ्या खिशात म्हणावं, तर ते पूर्ण खरं नाही, कारण या पैशातून संघमालकांनाही वाटा जातो. पण टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच पाहुणा बसलेला असला की भाव कसा ठरतो, हे बाजार करणाऱ्या कुणालाही कळतं.

आता साधा हिशेब. ९०८.७ कोटी भागिले पाच, म्हणजे वर्षाला साधारण १८२ कोटी. दुसऱ्या बाजूला, २०२३ पासून प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला ५ कोटींची मर्यादा. संघ १२. सगळ्यांनी शेवटचा रुपया खर्च केला तरी ६० कोटी. म्हणजे फक्त टीव्हीच्या पैशाशी तुलना केली तरी खेळाडूंच्या लिलावाची रक्कम एक तृतीयांश. त्यात स्पॉन्सर धरलेलेच नाहीत. २०१७ मध्ये एका मोबाइल कंपनीनं लीगला नाव देण्यासाठी पाच वर्षांचे ३०० कोटी मोजले होते, तसे पैसे वेगळे.

संघमालकांची बाजूही ऐकायला हवी. प्रवास, हॉटेल, प्रशिक्षक, फिजिओ, सराव शिबिरं, लीगची फी हे सगळं त्यांच्या डोक्यावर असतं आणि कबड्डीचा संघ काढून कुणी रातोरात श्रीमंत झालं असं झालेलं नाही. पण मुद्दा नफ्या-तोट्याचा नाही. ५ कोटी हा आकडा कुणी ठरवला? लीगनं ठरवला. एनबीएतही पगाराला मर्यादा असते, मात्र ती लीगच्या उत्पन्नाशी बांधलेली असते आणि खेळाडूंच्या संघटनेनं त्यावर सही केलेली असते. उत्पन्न वाढलं की मर्यादा आपोआप वाढते. इथं ती वाढवायची की नाही हे समोरच्याच्या मनावर.

एका चंदगडच्या पोराचा भाव

याचा अर्थ एका खेळाडूच्या वाट्याला काय येतं, ते सिद्धार्थ देसाईच्या आकड्यांत दिसतं. कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड तालुक्यातलं हुंदळेवाडी हे त्याचं गाव. २०१८ मध्ये यू मुंबानं त्याला ३६.४ लाखांना घेतलं. पठ्ठ्यानं पहिल्याच हंगामात धुमाकूळ घातला. २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाख मोजले. पुढच्या लिलावात १ कोटी ३० लाख. मग खांद्याची दुखापत. २०२२ मध्ये भाव आला २० लाख. आणि २०२३ मध्ये पुन्हा १ कोटी, यावेळी घेणारा संघ हरियाणा स्टीलर्स.

पाच वर्षांत एकाच माणसाचा भाव ३६ लाख, १४५ लाख, १३० लाख, २० लाख, १०० लाख. शेअर बाजारातल्या एखाद्या कंपनीचा आलेख वाटावा. २० लाख ही काही छोटी रक्कम नाही, हे कुणीही मान्य करेल. २०१४ च्या पहिल्या लिलावात तर सगळ्यात महागडा खेळाडू राकेश कुमार होता, १२ लाख ८० हजारांना. प्रगती झालीच आहे. पण खांदा निखळला की त्याची किंमत खेळाडूनं एकट्यानं मोजायची, ही गोष्ट लिलावाच्या दिव्यांत दिसत नाही.

संघटनेतली कुस्ती

पिक्चरमध्ये दोनच बाजू आहेत, मालक आणि खेळाडू. आपल्याकडे तिसरी आहे आणि बऱ्याचदा तीच सगळ्यात भारी पडते. ती म्हणजे संघटना.

अखिल भारतीय कबड्डी महासंघाच्या अध्यक्षपदी राजस्थानचे राजकारणी जनार्दनसिंह गेहलोत १९८४ पासून २०१३ पर्यंत होते. त्यानंतर ते आजीव अध्यक्ष झाले आणि अध्यक्षपदाची खुर्ची त्यांच्या पत्नीकडे गेली. माजी खेळाडू कोर्टात गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं या दोन्ही नेमणुका रद्द केल्या आणि महासंघावर प्रशासक बसवला.

त्याच महिन्यात जकार्ताला एशियाड झालं. १९९० पासून एकही सुवर्ण न सोडलेला भारताचा पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरला आणि ब्राँझवर आला. महिलांच्या फायनलमध्येही इराणनंच भारताला हरवलं. त्या इराणी पोरींना शिकवणाऱ्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. नाशिकची बाई इराणला सुवर्ण मिळवून देते आणि आपल्या महासंघाला ती घरात असताना दिसत नाही, यापेक्षा जास्त काय बोलायचं?

निवड नीट झालीच नाही, असा काही खेळाडूंचा आरोप होता. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयानं जे केलं त्याला तोड नाही. एशियाड खेळून आलेला संघ आणि निवड नाकारलेले खेळाडू यांचा सामनाच लावा, म्हणजे कळेल, असा आदेश दिला. १५ सप्टेंबर २०१८, दिल्लीचं इंदिरा गांधी स्टेडियम, देखरेखीला निवृत्त न्यायमूर्ती एस. पी. गर्ग. तक्रार करणारे खेळाडू आले. एशियाडचा संघ आलाच नाही.

हा घोळ तिथं मिटला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक झाली, तरी निवडून आलेल्या मंडळींच्या हाती कारभार गेला नाही. निवडून आलेली कार्यकारिणी नाही म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाकडची मान्यता अडकली आणि भारतीय संघ आशियाई स्पर्धेला जाणार की नाही, हेच ठरेना. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की कारभार निवडून आलेल्यांकडे द्या, म्हणजे पोरींना इराणला जाता येईल. पोरी गेल्या, तेहरानमध्ये खेळल्या आणि जिंकून आल्या.

पुण्यात झालेला प्रयोग

‘हाय फ्लाइंग बर्ड’ नेटफ्लिक्सवर आला फेब्रुवारी २०१९ मध्ये. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १३ मे २०१९ ला, पुण्यात बालेवाडीला एक नवी लीग सुरू झाली. इंडो इंटरनॅशनल प्रीमियर कबड्डी लीग. तिच्यामागे होती ‘न्यू कबड्डी फेडरेशन’, म्हणजे जुन्या महासंघाला आव्हान देणारी संघटना. आठ संघ. त्यात पुणे प्राइड आणि ‘मुंबई चे राजे’ हे महाराष्ट्रातले.

या लीगनं एक गोष्ट जाहीर केली, जी भारतीय खेळांत अगदी दुर्मीळ आहे. उत्पन्नातला २० टक्के वाटा खेळाडूंना. एनबीएच्या निम्म्या वाट्यापुढे २० टक्के कमीच, पण तत्त्व तेच. तुम्ही फक्त मजूर नाही, वाटेकरी आहात.

मग ही लीग घराघरांत का पोहोचली नाही? कारण ‘मान्यता’ या तीन अक्षरांत आहे. नवी फेडरेशन सरकारमान्य नव्हती. आणि आपल्याकडे मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळणं म्हणजे खेळाडूसाठी विहिरीत उडी मारण्यासारखं असतं. राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र गेलं की खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी गेली, भारतीय संघाचा दरवाजा बंद, मोठ्या लीगचाही बंद. मोठी नावं फिरकली नाहीत. पहिल्या हंगामापुढे ही लीग गेली नाही.

क्रिकेटवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. २००७ मध्ये झीच्या सुभाष चंद्रांनी इंडियन क्रिकेट लीग काढली होती. कपिल देव बरोबर होते. बीसीसीआयनं त्या लीगमध्ये गेलेल्या खेळाडूंवर बंदी घातली, आपल्या खेळाडूंचं मानधन वाढवलं आणि वर्षभरात आयपीएल उभी केली. बंडखोर लीग दोन वर्षांत आटोपली आणि २००९ मध्ये ७९ भारतीय खेळाडूंना माफी देऊन परत घेण्यात आलं. माफी हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. पोरांनी गुन्हा काय केला होता, तर दुसऱ्या मांडवात क्रिकेट खेळले होते. रे बर्कला जे हवं होतं ते मात्र यातून झालंच. दुसरा मांडव पडला म्हणून पहिल्या मांडवातलं जेवण सुधारलं.

खुद्द बास्केटबॉलचीही आपल्याकडे हीच कथा आहे. २०१० मध्ये बास्केटबॉल फेडरेशननं आयएमजी-रिलायन्सबरोबर ३० वर्षांचा करार केला, लीग येणार येणार म्हणून गाजावाजा झाला, ती आली नाही. २०१५ मध्ये फेडरेशनच दुभंगली. पुण्यात झालेल्या निवडणुकीत पूनम महाजन अध्यक्ष झाल्या, बंगळुरूत झालेल्या निवडणुकीत के. गोविंदराज. आंतरराष्ट्रीय संघटनेनं गोविंदराज गटाला मानलं. त्याच वर्षी ‘यूबीए’ नावाची खासगी लीग सुरू झाली, त्यात पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स होते. २०१७ नंतर तीही थांबली. ज्या खेळात पैसा यायचा होता, त्यात तो येण्याआधीच खुर्च्या मोडल्या.

रायगडच्या यूट्यूबवर

परत पेण-रोह्याकडे येऊ, कारण पिक्चरमधली सगळ्यात स्वप्नाळू कल्पना इथं केव्हाच प्रत्यक्षात आली आहे. खेळाडूंनी लीगशिवाय खेळायचं, कुणीतरी ते कॅमेऱ्यात धरायचं आणि लोकांनी फोनवर बघायचं. रायगडच्या कबड्डी स्पर्धा आता यूट्यूबवर लाइव्ह जातात. गावातलं मंडळ, ग्रामदेवतेच्या नावाचा संघ, मातीचं क्रीडांगण, हॅलोजनचे दिवे, रंगात आलेला समालोचक. मुंबईत ड्यूटीवर असलेला चाकरमानी रात्री एक वाजता लोकलच्या डब्यात आपल्या गावची चढाई बघत असतो. बक्षिसंही खास. उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड आणि ‘पब्लिक हिरो’. हा शेवटचा किताब कुठल्याही बड्या लीगला सुचलेला नाही.

म्हणजे प्रेक्षक आहे, खेळाडू आहे, कॅमेरा आहे. रे बर्कला जे घडवून आणायला अख्खा पिक्चर लागला, ते इथं दर हिवाळ्यात होतं. तरी यामुळे कुणा मालकाला घाम फुटत नाही. का?

एक, हे खेळाडू लीगला पर्याय म्हणून खेळत नाहीत, लीगमध्ये जायची वाट म्हणून खेळतात. यूट्यूबवरची चढाई ही त्यांच्यासाठी अर्जासारखी असते. दोन, बक्षिसाचा पैसा बहुतेक वेळा गावातला किंवा तालुक्यातला पुढारी, बिल्डर, ठेकेदार देतो. बॅनरवर त्याचा फोटो सगळ्यात मोठा असतो. म्हणजे मालक इथंही आहेच, फक्त त्याला परतावा मतांत हवा असतो. आणि तीन, एनबीएच्या खेळाडूंकडे जी एक गोष्ट होती, ती इथं नाही. एकत्र बसून करार करणारी संघटना.

भारतीय क्रिकेटमध्ये २०१९ मध्ये लोढा समितीच्या शिफारशींनंतर खेळाडूंची संघटना आली खरी, पण ती निवृत्त झालेल्यांची. जो आज खेळतोय, ज्याच्या नकारात ताकद आहे, त्यालाच तिथं जागा नाही. फुटबॉलमध्ये २००६ पासून खेळाडूंची संघटना आहे. कबड्डीत लीगशी सामूहिक करार हा प्रकारच नाही. प्रत्येकाचा करार वेगळा, प्रत्येक जण एकटा. ज्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी मुंबईच्या गिरण्यांत युनियनची पावती फाडली, १९८२ चा संप अंगावर घेतला, त्या जिल्ह्यातल्या पोरांना हे नवीन नाही. पण गिरणी कामगाराला माहीत होतं की तो कामगार आहे. कबड्डीपटूला लिलावाच्या दिवशी सांगितलं जातं की तू स्टार आहेस.

कायदा आला, पुढे काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. संघटनांवर देखरेखीसाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि भांडणांसाठी वेगळं न्यायाधिकरण, म्हणजे दर वेळी दिल्लीच्या कोर्टात जाऊन सामना लावून घ्यायची गरज पडू नये. महासंघांमध्ये खेळाडूंची समिती असणंही बंधनकारक झालं. महासंघाच्या खोलीत खेळाडूला खुर्ची मिळण्याची ही सोय आहे, आणि जनार्दनसिंह गेहलोतांच्या काळाशी तुलना केली तर ती छोटी नाही.

लीगच्या खोलीबद्दल मात्र या कायद्यात काही नाही. प्रक्षेपणाच्या पैशातला किती टक्के वाटा खेळाडूंचा, दुखापत झाली तर पुढच्या हंगामाचं काय, संघाच्या खर्चाची मर्यादा कुणाशी बोलून ठरवायची, हे सगळं खासगी करारांवर सोडलेलं आहे. ज्या पाच वर्षांसाठी ९०८.७ कोटी मोजले गेले होते, तीही २०२५ च्या हंगामाबरोबर संपली. आता नवे हक्क, नवे आकडे, नव्या मर्यादा ठरतील. स्टार आता जिओस्टार झाली आहे, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंचा पाहुणा आणखी मोठा झालाय. आणि कबड्डीपटूंच्या वतीनं त्या टेबलावर बसायला अजून कुणी नाही.